गुडघ्यापर्यंत

बोरा बाजारच्या आमच्या गाळ्यात दोन प्रिंटर आहेत.
खिडकीकडचा सहा शाईंचा, त्याला आम्ही हमाल म्हणतो.
पासपोर्ट, बारशी, निवृत्तीचे समारंभ,
दिवसाला हजार कागद ओढतो, खोकतसुद्धा नाही.
चार दिवस सुट्टी घेऊन या, बटण दाबा,
जणू कालच रात्री जेवून झोपला होता.
त्याचा काळा मात्र पाटीसारखा.
पुसलेल्या पाटीसारखा, खरं तर.

दुसरा आतल्या खोलीत, एसीत.
हवेतलं पाणी शोषणारं एक यंत्र फक्त त्याच्यासाठी.
बारा शाया,
आणि असा काळा
की ताज्या प्रिंटवर बोट न्यायची भीती वाटते,
आत जाईल म्हणून.

पण तो रोज आधी परीक्षा घेतो.
नोझल चेक: कागदावर बारीक रेघांच्या पायऱ्या,
एक जरी पायरी गळली
की सफाई. पुन्हा चेक. पुन्हा सफाई.
वझिरानी शेठ कॅल्क्युलेटर घेऊन दारात:
आज मजेंटा किती गेली गटारात?
मी सांगतो, फोटोत गेली तेवढीच.
दर दिवाळीला ते त्याला विकायला काढतात
आणि दर दिवाळीला कोणीतरी येतं,
तो काळा बघतं,
बोलायचं विसरतं.

खोर्शेदबाई त्यातल्या.
तीस वर्षं दारूखान्यात जहाजं तोडणाऱ्यांचे फोटो.
हा रात्रपाळीतला गॅसकटरवाला,
एका काचेचा चष्मा, पायांत दोन वेगळे बूट,
मागे जहाजाचं अर्धं पोट आणि अंधार.
म्हणाल्या, ठिणगीचं सोड,
ठिणगी कोणपण छापेल.
मला अंधार नीट दे.

शुक्रवारी उद्घाटन. गुरुवारी रात्री दहाला लावला.
कपाळ आलं.
चष्म्याच्या काचेत एवढीशी ज्योत आली.
अंधार इतका सावकाश उतरत होता
की मी डब्यातली पोळी हातात धरून उभा,
खायचं राहिलं.
गुडघ्यापाशी एक पांढरी रेघ.
मग दुसरी.
मग काळ्यानं यायचंच सोडलं.
बाकीचे अकरा आपापलं काम करत राहिले,
बुटांच्या जागी गुलाबी-हिरवं धुकं.

तीनपर्यंत सफाई. वाया शाईचा डबा भरला,
तो बदलल्याशिवाय साहेब पुढे ऐकेनात.
तीन वाजून दहा मिनिटांनी मी हमालाला उठवलं.
साडेतीनला माणूस तयार, डोक्यापासून बुटांपर्यंत,
कुठे एक रेघ नाही.
मागे पाटी.

काळ्या घोड्याच्या हॉलमध्ये
खोर्शेदबाईंनी काचेला जवळजवळ नाक लावलं.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढे ढकललंय.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, "सरस आला, डीकरा."
आणि मी हातातली पावती दुमडत असताना,
"वेळेवर आला."
त्या दोन वाक्यांचं वजन मी अजून करतोय.
एकदा हे पारडं खाली, एकदा ते.

सोमवारी शेठनी हमालाला झेंडूचा हार घातला, थट्टेनं.
मी हसलो, त्याच्या रुळांवरची धूळ पुसली.
त्याच्यावर राग कसला?
त्याला जे येत होतं ते त्यानं दिलं,
हाक मारल्यावर दिलं.
मग आतल्या खोलीत जाऊन नोझल चेक काढला.
सगळ्या पायऱ्या जागेवर.
नालायक.

धुक्याचा भाग कापून तो प्रिंट घरी आणलाय,
करी रोडला, कपाटाच्या दारावर.
दिवा मालवला
की खोलीतला अंधार त्याच्यापुढे करडा वाटतो.

काल जेवताना जुई त्याच्याकडे बघत होती.
"बाबा, ह्याचे पाय कुठेत?"

दुकानात, म्हटलं.